आधी भरा, मग भांडा

दुकानदाराच्या किंवा गाळेमालकाच्या हाती मालमत्ता कराचे देयक पडले की त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. हा आकडा आला कुठून? आणि तो चुकीचा असेल तर दाद कोणाकडे मागायची? मुंबई महापालिकेच्या कायद्यात गेल्या दीड दशकात पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलले. दुसऱ्याचे उत्तर मात्र जवळजवळ जुनेच राहिले. व्यापारी मालमत्तांच्या करविषयक तक्रारींचे मूळ या विसंगतीत आहे.

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यानुसार हा कर पूर्वी करयोग्य मूल्यावर आकारला जाई. जागेपासून वर्षाकाठी वाजवीपणे जे भाडे अपेक्षित आहे, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून हे मूल्य ठरे. परंतु १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींचे प्रमाणभूत भाडे १९४० च्या पातळीशी बांधून ठेवले होते. कर आकारताना या प्रमाणभूत भाड्यापलीकडे जाता येत नाही, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७९ मध्ये दिवाण दौलतराय कपूर खटल्यात घालून दिला. परिणामी गिरगावातील जुन्या चाळीखालच्या दुकानाला नाममात्र कर आणि उपनगरातील नव्या इमारतीतील तेवढ्याच दुकानाला त्याच्या कैक पट कर, असे चित्र निर्माण झाले. ही पद्धत अन्याय्य होती, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

त्यावर उपाय म्हणून राज्य विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित कर लागू झाला. आता रेडी रेकनरमधील बाजारमूल्य हा पाया आणि त्याला क्षेत्रफळ, वापराचा प्रकार, बांधकामाचे स्वरूप व इमारतीचे वय यांचे गुणक, असा हिशेब झाला. पहिल्या टप्प्यात करवाढीला मर्यादा घालण्यात आली होती. ती निवासी जागांसाठी दुप्पट, तर अनिवासी जागांसाठी तिप्पट होती. पुढे २०२२ मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली. तत्पूर्वी १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. महापालिकेच्या हक्काच्या उत्पन्नात मालमत्ता कराचे महत्त्व त्यामुळे वाढले. लहान घरे वगळली गेल्यावर व्यापारी जागांचे मूल्यांकन अधिकच कळीचे ठरले, हे उघड आहे.

सूत्राने येणारे मूल्य हे स्वभावतःच सरासरीचे असते. रेडी रेकनर मुळात मुद्रांक शुल्कासाठी तयार होतो आणि त्यात विभागवार दर असतात. मुख्य रस्त्यावरील दर्शनी दुकान आणि त्याच इमारतीच्या मागील बोळातील गाळा यांचा धंदा सारखा नसतो, पण तक्त्यात दोघांचा दर एकच असू शकतो. सरासरीतला हा दोष दूर करण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे वैयक्तिक सुनावणी. म्हणूनच मूल्यांकन जितके यांत्रिक, तितकी अपिलाची वाट मोकळी असायला हवी.

प्रत्यक्षात ती अरुंद आहे. कलम १६३ खाली प्रथम आयुक्तांकडे तक्रार करावी लागते. म्हणजे ज्या यंत्रणेने मूल्य ठरवले, तीच त्यावरील हरकत ऐकणार. तेथे समाधान झाले नाही तर कलम २१७ नुसार लघुवाद न्यायालयात मुदतीत अपील करता येते. परंतु देयक हाती आल्यानंतर अपील करायचे, तर मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते. राज्यातील इतर महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यातील कलम ४०६ मध्येही अशीच अट आहे. तिची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये गुजरातच्या अनंत मिल्स प्रकरणात मान्य केली होती. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला असतो, तेव्हा त्याला अट घालण्याचा अधिकारही विधिमंडळाला आहे, हे त्यामागील तत्त्व. अट वैध आहेच. ती शहाणपणाची आहे का, हा प्रश्न मात्र उरतो.

मालमत्ताधारकांच्या संघटनांनी नव्या नियमांना आव्हान दिले, तेव्हा २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने अंतरिम तोडगा काढला. जुन्या पद्धतीचा कर पूर्ण भरावा आणि वाढीव फरकाची निम्मी रक्कम द्यावी, असा तो आदेश होता. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने नियम २०, २१ व २२ रद्द ठरवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम केला. जमीन वा इमारत आज जशी आहे तशीच तिची किंमत करावी, भविष्यात मिळू शकणारे चटई क्षेत्र त्यात धरता येणार नाही, असा त्याचा आशय होता. नियमांतील दोष अंतिमतः सिद्ध होण्यास अशी बारा वर्षे लागली. संघटनेच्या बळावर लढणाऱ्यांना निदान अंतरिम दिलासा मिळाला. एकट्या दुकानदाराने काय करायचे?

प्रशासनाची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. अपील दाखल होताच वसुली थांबू लागली, तर वकिलांची फौज बाळगणारे बडे मालक वर्षानुवर्षे कर अडकवून ठेवतील आणि रस्ते, पाणी, रुग्णालये यांचा पैसा आटेल. परंतु ‘सगळे भरा’ आणि ‘काहीच भरू नका’ यांच्यामध्ये बरीच जागा आहे. उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या आदेशाने ती दाखवूनही दिली. वादातीत रक्कम पूर्ण आणि वादग्रस्त फरकाचा ठरावीक हिस्सा, अशी तरतूद कायद्यातच करता येईल. प्रत्येक देयकासोबत दर, गुणक आणि क्षेत्रफळ यांचा संपूर्ण हिशेब देणे बंधनकारक करावे. पहिली तक्रार महापालिकेबाहेरील तज्ज्ञापुढे चालावी आणि तिच्या निकालाला कालमर्यादा असावी.

बाजारभावानुसार कर घेण्याचे तत्त्व आता न्यायालयांनी स्वीकारले आहे आणि ते योग्यच आहे. पण तो भाव चुकला असे म्हणणाऱ्याला आधी थैली मोकळी करायला लावणारी व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही. विधिमंडळाने कायद्याचा अर्धा भाग बदलला. उरलेल्या अर्ध्याकडे लक्ष देण्याची वेळ कधीच येऊन ठेपली आहे.