ज्याची बॅट, त्याचा खेळ

मागे एकदा ओपीडीत पिंप्राळ्याची एक आई सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. "डॉक्टरसाहेब, पोऱ्या रातभर जपत नही," म्हणत तिने त्याला पुढे केले. डोके दुखते, वर्गात डुलक्या लागतात, घरात कोणी काही बोलले की अंगावर येतो. रक्तदाब, हिमोग्लोबिन, डोळे सगळे ठीक होते. तो रात्री दोनपर्यंत मोबाइलवर खेळायचा. मी नेहमीचे प्रवचन सुरू करणार, तोच तो म्हणाला, "सर, दिवसा पिंग दोनशेच्या वर असतो. आमच्याकडे बारानंतरच नीट खेळता येतं."

इतक्या वर्षांच्या नोकरीत ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकली. मग त्यालाच शिक्षक केले.

आपण बोट दाबल्यावर तो संदेश खेळ चालवणाऱ्या संगणकापर्यंत जाऊन परत यायला जितका वेळ लागतो, तो पिंग. तो मिलिसेकंदांत मोजतात. खेळ चालवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. जळगाव ते मुंबई रेल्वेने साधारण 420 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चारेक मिलिसेकंद पुरतात. सर्व्हर सिंगापूरला असेल तर निव्वळ अंतरापोटीच चाळीसेक जातात. वाटेतली यंत्रे आणि संध्याकाळी मोबाइल टॉवरवर होणारी गर्दी यांची भर पडून आकडा दोनशेवर पोहोचतो.

आता शरीराकडे पाहा. डोळ्याला काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत तरुण माणसालाही 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. म्हणजे पिंग दोनशे झाला की मुलाची चपळाई निम्म्यावर येते. समोरचा त्याला दिसण्याआधीच त्याचा गडी बाद झालेला असतो.

काही खेळांना तर स्वतंत्र सर्व्हरच नसतो. खेळणाऱ्यांपैकी एकाचाच फोन किंवा संगणक यजमान होतो. आपल्या कॉलेजांच्या होस्टेलांत 'मिनी मिलिशिया' असाच एकाच्या हॉटस्पॉटवर चालायचा. गल्लीतल्या क्रिकेटसारखे हे: ज्याची बॅट, त्याचा खेळ. बॅटवाला बाद झाला की रुसून घरी जातो आणि डाव मोडतो. इथेही यजमानाचा पिंग जवळपास शून्य, बाकीच्यांचा त्याच्या नेटच्या मर्जीवर. 2009मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2'च्या संगणकावरील आवृत्तीतून स्वतंत्र सर्व्हरची सोय काढून टाकली, तेव्हा लाखाहून अधिक खेळाडूंनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. तेव्हा मला हे पोरखेळ वाटले असते. आज वाटत नाही.

कारण याचे परिणाम माझ्या टेबलावर येतात. पहिला झोपेचा. या वयात आठ ते दहा तास झोप हवी आणि नेमके याच वयात शरीराचे घड्याळ उशिराकडे सरकते. त्यात नेट रात्रीच बरे चालत असेल तर जागरणाला आयते कारण मिळते. दुसरा संतापाचा. स्वतःच्या चुकीने हरलेला मुलगा शिकतो, पण उशिरा पोहोचलेल्या संदेशामुळे हरलेला पेटून उठतो आणि "आणखी एकच डाव" म्हणतो. तिसरा संकोचाचा. आपल्याच फोनवर खेळ चालला असेल तर उठून जेवायला जाणे म्हणजे चार मित्रांचा डाव मोडणे. आईची हाक ऐकूनही तो का उठत नाही, याचे एक उत्तर इथे आहे.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा मुद्दा जबाबदारीचा आहे. कंपनीचा सर्व्हर असला की दारावर कोणीतरी उभा असतो आणि त्याला नियम लावता येतात. 2 सप्टेंबर 2020 रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली. पुढे आलेला बीजीएमआय 2022च्या जुलैत ॲप स्टोअरमधून हटवला गेला. मे 2023मध्ये तो परतला, तो सर्व्हरची जागा आणि डेटासुरक्षा या मुद्द्यांची पूर्तता केल्यावर, तीन महिन्यांच्या चाचणी परवानगीने. त्या वेळी अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादाही घातली गेली. हॉटस्पॉटवरच्या खेळाला असे दार नसते, त्यामुळे तिथे राखणदारही नसतो.

सर्व्हर जवळ आला की व्यसन सुटेल, असे मी म्हणत नाही. उलट खेळ सुरळीत झाला तर काही मुले जास्तच खेळतील. टॉवरवरची गर्दीही मुंबईतल्या सर्व्हरने हटणार नाही. दक्षिण कोरियाने 2011मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळबंदी केली होती. तो कायदाही 2022च्या सुरुवातीला संपवला गेला. नुसत्या नियमाने घर चालत नाही. तरीही खेळ कुठल्या सर्व्हरवर चालतो, की खेळाडूंच्याच फोनवर, हे कंपनीने डाउनलोडआधी स्पष्ट सांगावे. औषधाच्या वेष्टनावर घटक छापतातच ना?

पालकांनो, खेळ मध्येच हिसकावू नका. एक डाव बहुधा अर्ध्या तासात आटोपतो. "हा शेवटचा" हे तो सुरू होण्याआधी ठरवा. मात्र खेळावर ताबा उरला नसेल, खेळापुढे बाकी सगळे मागे पडले असेल, नुकसान दिसूनही तो थांबत नसेल आणि हे वर्षभर चालले असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आजार मानले आहे. अशा वेळी डॉक्टरांना भेटा किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर फोन करा.

त्या मुलाला मी झोपेची गोळी दिली नाही. एवढेच म्हणालो, "टॉवर पहाटेही रिकामाच असतो की!" दहाला झोपायचे आणि सुटीच्या दिवशी सहाला उठून तासभर खेळायचे, असे ठरले. तीन आठवड्यांनी आला तेव्हा डोकेदुखी गेली होती. मित्र मात्र त्या वेळी झोपलेले असतात, ही नवी तक्रार होती. ती मी आनंदाने ऐकून घेतली.