मोठे चाक, की लहान टायर?

मोटारींच्या विक्रीदालनांत एक विधान इतक्या वेळा उच्चारले जाते, की त्याला आता सिद्धांताचा दर्जा मिळाला आहे: ‘रस्ते खराब आहेत, तेव्हा मोठी चाके असलेले मॉडेल घ्या.’ या विधानात एक अर्धसत्य आहे आणि त्याच्या आडून एक पूर्ण असत्य खपवले जाते. बंगळुरूसारख्या शहरात त्याची किंमत ग्राहक दोनदा मोजतो. एकदा रुपयांत, आणि नंतर रोज मणक्यांत.

आधी अर्धसत्य तपासू. ३० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा घ्या. ६२ सेंटिमीटर व्यासाचे चाक त्यात सुमारे ३.९ सेंटिमीटर उतरते आणि ६९ सेंटिमीटर व्यासाचे चाक सुमारे ३.४ सेंटिमीटर. वर्तुळाचे समीकरण येणारा अकरावीचा विद्यार्थीही हे पाच मिनिटांत पडताळू शकेल. म्हणजे मोठ्या चाकाचा फायदा खरा आहे. मात्र तो आहे टायरसह मोजलेल्या बाह्य व्यासाचा. दालनात ज्या ‘इंचां’चा गौरव होतो ते इंच आतल्या धातूच्या रिमचे असतात. या दोन मापांची सरमिसळ हेच ते पूर्ण असत्य.

टायरच्या बाजूवर छापलेला आकडाच याची साक्ष देतो. १८५/६५ आर १५ याचा अर्थ असा: टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिमचा व्यास १५ इंच. आता बंगळुरूच्या टॅक्सीचालकांना चांगली ठाऊक असलेली गाडी घेऊ. २०१७ साली आलेल्या मारुती सुझुकी डिझायरच्या स्वस्त आवृत्त्यांना १६५/८० आर १४ टायर होते आणि महागड्या आवृत्त्यांना १८५/६५ आर १५. पहिल्या टायरचा बाह्य व्यास ६२० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२२. फरक नगण्य. बाजूच्या भिंतीची उंची मात्र १३२ मिलिमीटरवरून १२० वर आली. जास्त पैसे मोजणाऱ्याला मोठे चाक मिळालेच नाही. त्याला जास्त धातू आणि कमी टायर मिळाला.

ही एका कंपनीची खोड नव्हे, साऱ्या उद्योगाची रीत आहे. १९५/६५ आर १५, २०५/५५ आर १६, २२५/४५ आर १७, २२५/४० आर १८ ही जगभर वापरली जाणारी शिडी पाहा. चारही टायरांचे बाह्य व्यास ६३२ ते ६३७ मिलिमीटरच्या दरम्यान आहेत. बाजूची भिंत मात्र १२७ मिलिमीटरवरून ९० वर येते. खड्ड्यावरून जाताना भूमितीचा लाभ शून्य, आणि धक्का सोसणारी गादी जवळजवळ तीस टक्क्यांनी पातळ.

ही गादी इतकी महत्त्वाची का? स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर असताना टायरच्या चार बोटांची चिंता कशाला, असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर रस्ते-अभियांत्रिकीतच दडलेले आहे. रस्त्याचा खडबडीतपणा मोजण्याचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक एका काल्पनिक गाडीच्या चतुर्थांशावर उभा आहे: एक चाक, त्यावरील स्प्रिंग आणि गाडीच्या वजनाचा एक हिस्सा. ही गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असल्याचे मानले जाते. या प्रतिमानात टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे आणि तिचा ताठरपणा मुख्य स्प्रिंगच्या सुमारे दहापट आहे. त्यावरून गणित केले तर गाडीच्या सांगाड्याची नैसर्गिक वारंवारता १.२ हर्ट्झच्या आसपास येते आणि चाकाची सुमारे ११ हर्ट्झ.

या दोन आकड्यांतच सारे आले. सांगाडा व मुख्य स्प्रिंग यांना एक हेलकावा पूर्ण करायला जवळजवळ एक सेकंद लागतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने धावणारे चाक फुटलेल्या डांबराची धार सेकंदाच्या काही शतांश भागात ओलांडते. इतक्या अल्पकाळात मुख्य स्प्रिंगला पुरती दबायला सवडच मिळत नाही. तो धक्का आधी टायरनेच गिळायचा असतो. टायरला तो गिळता आला नाही, तर तो स्प्रिंगच्या खाली असलेल्या वस्तुमानाला उसळवतो. रिम आणि टायर मोठे व रुंद होताना हे वस्तुमानही बहुधा वाढते.

बंगळुरूचे रस्ते नेमक्या अशाच तीक्ष्ण धारांचे आहेत. काँक्रीटचा नवा थर संपून डांबर सुरू होते तिथली पायरी, रस्त्याच्या पातळीशी न जुळणारी गटारांची झाकणे, केबलसाठी खणून घाईने बुजवलेले चर. त्यात मनास येईल तसे उभारलेले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसने शिफारस केलेला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ किलोमीटरने तो ओलांडायला अर्धा सेकंद लागतो, म्हणजे हेलकावा साधारण एक हर्ट्झचा. गल्लीतला अर्ध्या मीटरचा उंचवटा ताशी २० किलोमीटरने ओलांडला तर हादरा पाच-साडेपाच हर्ट्झचा होतो. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या कंपनांना ज्या पट्ट्यात सर्वांत संवेदनशील असते, तो साधारण ४ ते ८ हर्ट्झचाच आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मोठ्या रिममध्ये मोठ्या ब्रेक-डिस्कला जागा मिळते. बुटकी भिंत वळणावर कमी मुरडते, त्यामुळे स्टिअरिंगला तत्काळ प्रतिसाद मिळतो. जड विजेरी गाड्यांना अधिक भार पेलणारे टायर लागतातच. हे सारे मान्य. पण सिल्क बोर्डच्या चौकात पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला वेगवान वळणावरच्या अचूकतेचा उपयोग काय? ज्यांना ती हवी त्यांनी ती जरूर घ्यावी. मात्र तिचा मोबदला काय, हे त्यांना आधी कळले पाहिजे.

ते कळण्याची सोय मात्र नाही. २०२२ मध्ये केंद्राने टायरसाठी तीन कसोट्यांचे नियम अधिसूचित केले: फिरताना होणारा रोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज. तिन्ही आवश्यक आहेत. पण बसणाऱ्याच्या देहापर्यंत किती कंपन पोहोचते, ही चौथी कसोटी त्यांत नाही. ते मोजण्याचे शास्त्र नाही असेही नव्हे. संपूर्ण शरीराच्या कंपनांचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २६३१-१, १९९७ पासून उपलब्ध आहे.

हा विसर उपरोधिक आहे. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, ते आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला बसणारे हादरे कमी करण्याच्या खटपटीतून. टायरमधली हवा सुखासाठीच आली होती. आज तीच हवा काढून तिच्या जागी चकाकता धातू विकला जात आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक आवृत्तीच्या माहितीपत्रकात बाजूच्या भिंतीची उंची मिलिमीटरमध्ये छापावी. ठरावीक खडबडीत मार्गावर मोजलेले आसनावरील कंपन जाहीर करावे. सुरक्षेची सर्व साधने हवी असणाऱ्याला लहान रिमचा पर्याय नाकारू नये. तोवर ग्राहकाने टायरवरचे पहिले दोन आकडे गुणावेत, शंभराने भागावे, आणि ब्रेकला जागा पुरत असेल व कंपनीची मान्यता असेल तर उंच भिंतीचा टायर निवडावा. दारालगतच्या खांबावर लिहिलेल्या दाबापेक्षा अधिक हवा भरू नये. जास्त दाब म्हणजे पुन्हा ताठर स्प्रिंगच.

खड्डे बुजवणे हे पालिकेचे काम आहे आणि त्यासाठी तिला जाब विचारलाच पाहिजे. पण खड्डे आहेत हे ठाऊक असूनही पातळ टायर ‘प्रीमियम’ म्हणून विकणाऱ्यांची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. मागच्या आसनावरच्या वृद्धाला रिम दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त हादरा.