डोंगरात देव भेटला, मग पुढे काय?

देवळात, कीर्तनात, पोथीपुढे बसूनही न गवसलेला देव एखाद्या डोंगरमाथ्यावर किंवा नदीकाठी अवचित जवळ आल्यासारखा वाटला, असे सांगणारी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना कुणी भाबडेपणाने हात जोडतो, तर कुणी हसण्यावारी नेतो. दोन्ही घाईचे आहे. असा अनुभव खरा मानायला हरकत नाही, पण त्याची पारख त्यानंतर माणूस त्या डोंगराशी आणि त्या नदीशी कसा वागतो यावरूनच व्हायला हवी. पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या सिन्नरसारख्या तालुक्यात तर ही पारख टाळताच येणार नाही.

निसर्गातला देव हे शहरी पर्यटकांचे नवे खूळ आहे, असा एक आक्षेप असतो. आपली परंपरा तसे सांगत नाही. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना अनुग्रह दिला तो ब्रह्मगिरीच्या गुहेत, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तुकोबा देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात बसत. गीतेच्या दहाव्या अध्यायात हिमालय, गंगा आणि अश्वत्थ या देवाच्या विभूती म्हणून येतात. सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वर पंचायतन पाहा. मधल्या शिवमंदिराभोवती विष्णू, पार्वती आणि गणेश यांच्यासोबत सूर्यालाही स्वतंत्र मंदिर आहे. पोटापाण्याच्या धावपळीत हे चोचले कुणाला परवडतात, असेही विचारले जाते. पण डोहाकाठी सात दगडांना शेंदूर फासून साती आसरा मांडणारे आणि शेजारच्या अकोले तालुक्यात वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवणारे लोक कष्टकरीच आहेत. ही जवळीक रिकामपणातून नव्हे, रानावर आणि पाण्यावर रोज विसंबून राहण्यातून आली.

विवेकवाद्यांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. उंचावरची मोकळी हवा, शांतता आणि थकवा यांनी मन भारावते; त्याला देवाचे नाव कशाला द्यायचे? प्रश्न रास्त आहे. पण भावना कशी उपजली हे कळले म्हणून तिचे मोल ठरत नाही. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1902 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात धार्मिक अनुभवांकडे याच दृष्टीने पाहिले. अनुभवाचे मूळ कशात आहे यापेक्षा त्याला फळ काय आले ते पाहावे, असे त्याचे म्हणणे. श्रद्धावान आणि नास्तिक या दोघांनाही मान्य व्हावी अशी ही कसोटी आहे.

या कसोटीवर देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राने, उतरल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. अनेक देवरायांत वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही, असा दंडक असे. तिथे पहारेकरी नव्हता, तरी झाडे उभी राहिली. नुसते कायदे पुरेसे आहेत, मध्ये देव कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कुणी पाहत नसताना हात आवरणारी गोष्ट कायद्याहून वेगळी असते. याची दुसरी बाजूही आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली काही देवरायांतली झाडे तोडली गेली आणि तिथे सिमेंटची देवळे उभी राहिली. भक्ती उरली, दंडक गेला. गोदावरीची रोज आरती होते, तरी तिच्यात सांडपाणी मिसळतेच. म्हणून श्रद्धा कुचकामी ठरत नाही. आचरणाची अट काढून घेतली की ती कशी पोकळ होते, एवढेच यातून दिसते.

याच्या उलट उदाहरण सिन्नरलाच आहे. देवनदीवर ब्रिटिशकालीन बंधारे आहेत. नदीचे पाणी बंधाऱ्याने वळवायचे आणि पाटातून उताराने शेतापर्यंत न्यायचे, अशी ही रचना. तिला ना पंप लागतो, ना वीज. काळाच्या ओघात बंधारे मोडकळीस आले, पाट गाळाने बुजले. ‘युवा मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ते दुरुस्त केले आणि पाणीवाटपासाठी शेतकऱ्यांच्या संस्था उभ्या केल्या. पाटातला गाळ उपसणाऱ्या कुणी साक्षात्काराचा दावा केला नसेल, पण नदीत देव आहे असे मानणाऱ्याने जे करायला हवे तेच त्यांनी केले.

2026-27चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि त्याच्या तयारीतच नाशिकच्या तपोवनातील वृक्षतोडीवरून वाद पेटला. शिर्डीच्या पालख्या तर सिन्नरवरून दरवर्षी जातात. या वाटांवर कुणाला देव भेटेल, कुणाला भेटणार नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्याला भेटला त्याने प्लॅस्टिक मागे टाकू नये, निर्माल्य नदीत सोडू नये आणि झाडावर कुऱ्हाड येईल तेव्हा गप्प बसू नये. एवढेही जमत नसेल, तर देव भेटल्याची गोष्ट त्याने चारचौघांत सांगू नये.