परक्याची पिशवी आणि शहागंजचा तराजू

एखादे नगर परक्याशी कसे वागते, हे त्याच्या वेशींवरून अथवा हॉटेलांवरून ठरवू नये. ते त्याच्या किराणा बाजारावरून ठरवावे. अजिंठा-वेरूळची लेणी १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली आणि छत्रपती संभाजीनगरची कीर्ती अधिकच दूरवर गेली. परंतु पर्यटक येतो, दोन दिवस हॉटेलात जेवतो, एखादी हिमरू शाल घेतो आणि परत जातो. त्याला तुरीच्या डाळीचा भाव विचारण्याची वेळ येत नाही. ती वेळ येते येथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि येथील महाविद्यालयांत शिकण्यासाठी येमेनसारख्या देशांतून तरुण येतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि हाती पिशवी घेऊन शहागंजच्या बाजारात येतात. आमच्या पर्यटनाच्या हिशेबात मात्र त्यांची कोठेच नोंद नसते.

या विद्यार्थ्यांची महागाई दुहेरी आहे. एक येथील बाजाराची, दुसरी त्यांच्या मायदेशाच्या चलनाची. येमेनमध्ये यादवी पेटण्यापूर्वी एका डॉलरला सुमारे २१५ रियाल पडत. २०२४ च्या अखेरीस एडनच्या बाजारात हाच भाव दोन हजार रियालांच्या वर गेला होता. म्हणजे शहागंजमध्ये कांद्याचा भाव एका पैशाने वाढला नाही, तरी एडनमधील बापाला मुलाच्या त्याच कांद्यासाठी पूर्वीच्या कितीतरी पट रियाल मोजावे लागणार. बरे, चार तास कोठे काम करून ही तूट भरून काढावी, तर विद्यार्थी म्हणून मिळालेल्या व्हिसावर नोकरी करण्यास मनाई आहे. घरून पैसे येईपर्यंत पोटाला चिमटा घेणे, एवढाच मार्ग त्याला उरतो.

येथील बाजार त्याला लुबाडतो, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. शहागंजच्या व्यापाऱ्याला परकी माणसे नवी नाहीत, आणि येथील उर्दू-हिंदीमिश्रित बोलीत अरबी बोलणाऱ्याचाही व्यवहार निभावून जातो. प्रश्न दुकानदाराच्या दानतीचा नसून गिऱ्हाइकाच्या निराधारपणाचा आहे. स्थानिक कुटुंबाला महागाईत चार टेकू असतात. वाण्याकडील उधारीची वही हा पहिला, वर्षाचे धान्य हंगामात भरून ठेवण्याइतकी जागा व ऐपत हा दुसरा, शिधापत्रिका हा तिसरा आणि गावाकडच्या शेतातून येणारे पोते हा चौथा. परदेशी विद्यार्थ्याजवळ यांपैकी एकही नाही. तो पाव किलो डाळ, लहान पिशवीतले तेल आणि आठवड्यापुरता तांदूळ घेतो. आणि थोडे थोडे घेणाऱ्याला प्रत्येक किलोमागे अधिक दाम मोजावे लागतात, हा बाजाराचा जुना नियम आहे. सुट्या मालाची पारख नसल्याने तो वेष्टनबंद मालाकडे वळतो. अशा २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, छापील नावाच्या धान्यावर व पिठावर जुलै २०२२ मध्ये ५ टक्के वस्तू व सेवा कर बसला. सुटे धान्य त्यातून वगळले गेले. स्वयंपाकाच्या गॅसचीही तीच कथा. पत्त्याच्या पुराव्यावाचून केवळ ओळखपत्रावर मिळणारा ५ किलोचा सिलिंडर ही सोय खरी. पण घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरशी तुलना करता त्यातील गॅस किलोमागे महाग पडतो. ज्याच्यापाशी कमी, त्यालाच अधिक द्यावे लागते!

आपल्याच गोरगरिबांना डाळ परवडत नसताना परक्याची चिंता कशाला, असा प्रश्न येथे विचारला जाईल. तो रास्त आहे. परंतु बीड, जालना, हिंगोलीहून आलेला आणि खोलीवर हाताने स्वयंपाक करणारा विद्यार्थी, किंवा वाळूजच्या कारखान्यातला परप्रांतीय कामगार, हेही याच तराजूपुढे उभे असतात. परक्यासाठी जी सोय होईल, ती यांच्याही पदरात पडेल. शिवाय आज मराठी घराघरांतील मुले जर्मनीपासून ऑस्ट्रेलियापर्यंत शिकत आहेत. रुपया घसरला की तेथील भाजी-भाकरीचा हिशेब इकडे आईबापांना किती जाचतो, हे आम्हांस कोणी नव्याने सांगावयास नको.

उपाय अवघड नाहीत आणि ते आपल्या मातीतलेच आहेत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करावयाचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावयाची, माल घाऊक भावाने आणून आपसांत वाटून घ्यावयाचा, ही तिची साधी पद्धत. दहा खोल्यांतील विद्यार्थ्यांचा असा एक गट का होऊ नये? विद्यापीठाने एक खोली, एक वजनकाटा आणि हिशेब पाहणारा एक माणूस दिला, तर जाधववाडीच्या बाजार समितीतून डाळ-तांदूळ थेट आणणे अशक्य नाही. दुसरे असे की, बाजार समितीतील त्या दिवसाचे घाऊक भाव शहागंजमध्ये ठळक फलकावर लावण्याची व्यवस्था महापालिकेने करावी. भाव ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकाला घासाघीस करावी लागत नाही आणि प्रामाणिक व्यापाऱ्यावर संशयही येत नाही.

हे नगर १६१० साली खडकी या नावाने वसविले ते मलिक अंबरने. अॅबिसिनियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून अरबांच्या बाजारांत विकला गेलेला हा पुरुष दख्खनेत आला, निजामशाहीचा आधारस्तंभ झाला, आणि त्याने या नगराला नहरीचे पाणी दिले. परक्या माणसाने वसविलेल्या नगराने परक्यांच्या ताटाविषयी उदासीन राहावे, हे शोभणारे नाही. पाहुण्यांसाठी रस्ते व दिवाबत्ती यांवर खर्च होतो, तो जरूर व्हावा. परंतु या खर्चाच्या तुलनेत एका वजनकाट्याचा आणि एका फलकाचा खर्च तो कितीसा? नव्या शैक्षणिक वर्षात विद्यार्थी दाखल होण्यापूर्वी विद्यापीठाने व महापालिकेने एवढे तरी करून दाखवावे.