आज्जा, आमचं कधी?

नातवंडांना एक दिवस फिरवायचं म्हटलं की आमची खानापूरची गाडी ठरलेल्या वाटेने जाते. बेळगाव, निपाणी, कागल, कणेरी मठ. तिथलं सिद्धगिरी म्युझियम मला फार आवडतं. बारा बलुतेदार, शेतीची कामं, मूर्तींनी उभं केलेलं आख्खं गाव! मागच्या खेपेला मी तासभर समजावून सांगत होतो. सहावीतली नात शेवटी म्हणाली, "आज्जा, हे सगळं तुमच्या लहानपणचं. आमचं कधी?"

मला उत्तर सुचलं नाही.

यंदा दसऱ्याच्या सुट्टीत खोपोलीचं इमॅजिका ठरलंय. मेच्या उन्हात नकोच. आदल्या रात्री पुण्यात लेकीकडे मुक्काम. बरोबरीचे म्हणतात, पैशाची नासाडी. अहो, बँकेत जन्म गेला, हिशोब मलाही कळतो. पण मुलांच्या दिवसाचं मुलांनीच ठरवावं, तयारी तेवढी आपण करावी.

मोठ्या राइडला वय नाही, उंची बघतात. शेजाऱ्यांचा नातू एकीकडे रांगेच्या टोकाला जाऊन परत फिरला, पोर दिवसभर बोललं नाही. म्हणून आमच्या धाकट्याची उंची घरीच मोजतोय, स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलीने. काल लबाडाने टाचा उचलल्या होत्या. खांद्यावर हात ठेवून खाली दाबला.