काचेला अंगरखा कशाला?

आरपार दिसणं हा काचेचा गुण. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्याने नेमका तोच झाकायचं मनावर घेतलेलं दिसतं. हल्लीची सेंटची किंवा सीरमची बाटली उजेडात धरून पाहा. काळी, सोनेरी, नाहीतर दुधाळ गुलाबी. आत किती उरलंय ते हलवून ओळखायचं!

रंगाला माझी ना नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी रेने लालिक यांनी कोटी यांच्या अत्तरांसाठी बाटल्या घडवल्या. त्यांच्या बाटल्यांवर नक्षीच्या खोलगट रेषांत रंग भरून वरचा पुसून काढत. म्हणजे रंग काच दाखवण्यासाठी होता. आता तो काच लपवतो.

छपाईची जुनी रीत भट्टीची. काचेची बारीक पूड आणि धातूंच्या ऑक्साइडचा रंग यांची शाई जाळीतून बाटलीवर छापायची, मग साधारण ६०० अंश सेल्सिअसला भाजायची. शाई वितळून काचेशी एकजीव होते. नखाने खरवडा, सेंटमधलं अल्कोहोल सांडू द्या, अक्षर हलत नाही. दुसरी रीत लेपाची. फिरत्या बाटलीवर लाखेसारखा रंग फवारून बेताच्या उष्णतेत सुकवायचा. खर्च कमी, रंग हवे तितके. पण काच गुळगुळीत, तिला छिद्रं नाहीत. आधी पृष्ठभाग नीट तयार केला नाही तर लेपाचे पोपडे निघतात.

एका बाबतीत मात्र लेपाची बाजू घ्यावीच लागते. धुरकट काच करायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरत आले आहेत. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत पोचतं. कामगाराच्या हाताचा हा धोका फवारलेल्या धुरकट लेपाने टळतो.

उन्हाने औषधी द्रव्यं बिघडतात, म्हणून लेप, असंही सांगतात. त्यासाठी तपकिरी काच पुरेशी आहे की! तिचा रंग अंगातच असतो.

आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खोबरेल आणि व्हिनेगर दुसऱ्याच कुणाच्या बाटल्यांतून विकायला येतं. काच अशी हातोहात फिरते. सोनेरी अंगरख्यातली बाटली तिथे कोण घेणार? आतलं तेल स्वच्छ की गढूळ, गिऱ्हाइकाला दिसायला नको? ती भंगारात गेली तरी काच निवडणारं प्रकाशयंत्र अपारदर्शक तुकडा काच नव्हे म्हणून बाजूला टाकू शकतं. कंपन्यांनी नाव भट्टीत भाजून छापावं, बाकीची काच उघडी ठेवावी. नाव पुसता येत नाही, ही अडचण आहेच; पण खोबरेल घेणाऱ्याला तिचं काही वाटत नाही.