प्रश्न उद्भवत नाही

दोस्तहो, विधानसभेच्या तारांकित प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या कधी चाळल्यात का? चाळा एकदा. इतकं निगरगट्ट मराठी दुसरीकडं कुठं वाचायला मिळायचं नाही.

नमुना सांगतो. आमदार विचारतो : अमुक ठिकाणच्या वसतिगृहातील मुलांना सहा महिन्यांपासून निर्वाहभत्ता मिळालेला नाही, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, काय कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

मंत्री उत्तर देतो : हे खरे नाही. आणि पुढच्या सगळ्या भागांना मिळून तीनच शब्द : प्रश्न उद्भवत नाही.

खलास. वसतिगृह आहे, पोरं आहेत, पोटं आहेत. फक्त प्रश्न तेवढा नाही. कधी सरकारला पाझर फुटलाच तर उत्तर येतं, 'हे अंशतः खरे आहे'. अंशतः म्हणजे किती रे बाबा? पोरगं अंशतः जेवलं का?

माझा ह्या तीन शब्दांवरचा राग जुना आहे. मी अकोले तालुक्यातला. शिकायला बाहेर पडलो, एका वसतिगृहात राहिलो. भत्ता कधी वेळेवर आला नाही. टेबलामागचा बाबू सांगायचा, "वरून आलं नाही रे." दरसाल तेच वाक्य. आमच्या आजीलाही तेच, बापालाही तेच. विहीर? वरून आली नाही. घरकुल? वरून आलं नाही.

हे 'वरून' म्हणजे कुठून, ते एकदा समजून घ्या. सरकारी पैसा काही आभाळातून पडत नाही. आधी अर्थसंकल्पात तरतूद होते, ती विधानसभा मंजूर करते. मग त्यातले किती सोडायचे ते वित्त विभाग ठरवतो. मग खात्याचा शासन निर्णय निघतो. मग कोषागारात बिल जातं. प्रत्येक पायरीवर कागद असतो, कागदावर तारीख असते, तारखेखाली कुणाची तरी सही असते. म्हणजे आपले पैसे नेमके कुठल्या टेबलावर झोपलेत ते सांगता येतं. सांगायला भाग पाडणारा तेवढा पाहिजे. त्यासाठीच आमदार निवडून दिलेला असतो. गटारीचं उद्घाटन आणि दशक्रियेला भाषण, ह्यासाठी नाही.

आपण मात्र काय करतो? निवेदन देतो. साहेबाच्या हातात कागद देताना फोटो काढतो. निवेदनावर शेरा पडतो, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी'. झालं आपलं आंदोलन. अरे, निवेदन म्हणजे सुधारलेला अर्जच. अर्ज करणारा खाली उभा असतो. प्रश्न विचारणारा समोर उभा असतो. अर्जाला शेरा मिळतो, तारांकित प्रश्नाला मात्र मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न झेलावे लागतात. हा फरक आपल्या पोरांना कुणी शिकवलाच नाही.

आणि हे हत्यार आपल्याला परकं आहे असं समजू नका. महाडचा संगर आपल्याला तोंडपाठ. पण त्या तळ्याची वाट कुठून सुरू झाली? ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोल्यांनी ठराव मंजूर करून घेतला : सरकारी पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या पाहिजेत. बोल्यांनी पुण्याईची भाषा केली नाही. पैसा सार्वजनिक आहे ना? मग पाणी सार्वजनिक. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं कागदावर खुलं केलं. कागदावरच राहिलं. मग १९२६ साली बोल्यांनी पुढचा ठराव आणला : ज्या संस्था हे मानणार नाहीत त्यांचं सरकारी अनुदान रोखा. म्हणजे थेट खिशालाच हात. आणि मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले. सभागृहातला कागद आणि रस्त्यावरची माणसं, दोन्ही एकत्र आले तेव्हा ते पाणी पेटलं.

त्याच महिन्यात, १२ मार्च १९२७ ला, बाबासाहेब कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. हिशोब साधा मांडला. सरकार माणशी शिक्षणावर खर्च करतं १४ आणे, आणि दारूच्या करातून माणशी वसूल करतं दोन रुपयांहून जास्त. जेवढं दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला! आकडे असे होते की 'हे खरे नाही' म्हणायची सोय नव्हती. पुढं ३० मे १९४९ ला घटना समितीत त्यांनी सांगितलं की महालेखापरीक्षक हा घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी. सरकारचा हिशोब तपासणारा माणूस! आपण बाबासाहेबांचा पुतळा केला, हातात पुस्तक दिलं. त्या पुस्तकात जमाखर्च होता हे विसरलो. महालेखापरीक्षकाचे अहवाल विधानसभेत बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ठेवतात, आमदार बॅगा भरत असताना. आणि आपल्याला त्याची खबरही नसते.

आता माझ्या तालुक्याकडं या. भंडारदऱ्याचं धरण इंग्रजांनी १९२६ साली पुरं केलं. ११ टीएमसीचं पाणी. ते प्रवरेतून संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडं जातं. खाली ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले, त्या कारखान्यांतून आमदार-खासदार उभे राहिले. वर डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. गंमत बघा. प्रवरेच्या माथ्यावरचा अकोले मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. खालचा श्रीरामपूर अनुसूचित जातींसाठी राखीव. पाणी आमच्या डोक्यावरून निघतं, आमच्या पायाशी पोचतं, आणि मधल्या मधे बागायती होते दुसऱ्याची.

त्याच नदीवर निळवंडे. १९७० साली त्याची कल्पना निघाली. डाव्या कालव्याचं लोकार्पण पंतप्रधानांनी केलं २६ ऑक्टोबर २०२३ ला. ५३ वर्षं! आणि केंद्र सरकारनंच त्या वेळी सांगितलेला खर्च ५,१७७ कोटी रुपये. जमीन बुडाली ती अकोल्याची. मी विचारतो, ह्या ५३ वर्षांत दरसाल पैसा मागितला गेला, दरसाल सभागृहानं हात वर केले. प्रत्येक हातामागं एक प्रश्न असता, गेल्या वर्षीच्या पैशाचं काय झालं एवढा जरी असता आणि त्याचं उत्तर वसूल झालं असतं, तर धरणाला दोन पिढ्या लागल्या असत्या का?

आणि हे काही जुनंपुराणं नाही. मे २०२५ मध्ये लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी ७० लाख वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट जाहीरपणे चिडले. सरकारचं म्हणणं असं की ह्या योजनेत दलित-आदिवासी बायाही आहेत, मग त्यांचा खर्च त्यांच्या खात्यावर टाकला तर बिघडलं कुठं?

बिघडलं ते असं. आमच्या वस्तीतल्या बायांना ते १५०० रुपये मिळालेच पाहिजेत. पण त्या ह्या राज्याच्या नागरिक आहेत की नाहीत? पाटलाच्या सुनेला सर्वसाधारण तिजोरीतून, आणि आमच्या आईला तिच्याच पोराच्या वसतिगृहाच्या पैशातून? एका हातानं आईला द्यायचं न् दुसऱ्या हातानं लेकराचं काढायचं! विशेष घटक योजना १९७९-८० च्या सुमारास आली ती कशासाठी? लोकसंख्येच्या प्रमाणात, खास आमच्यासाठी, वेगळा पैसा काढून ठेवायचा म्हणून. सगळ्यांना मिळतं ते आमच्या नावावर दाखवायचं असेल तर उद्या घाटातला रस्ताही आमच्या खात्यावर टाका. त्यावरून आम्हीही चालतो की! कर्नाटकानं आणि आंध्रानं २०१३ साली ह्या पैशासाठी कायदे केले. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय ज्यांचं भाषण सुरू होत नाही त्यांच्या महाराष्ट्रानं तेव्हा तो केला नाही.

आता कुणी म्हणेल, राखीव जागेवरचा आमदार काय करणार? पुणे करारानं त्याची मान दुसऱ्याच्या मतांत अडकवली, ते खरंच आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीनं त्याच्या मतदानालाही वेसण घातली, तेही खरं. पण पक्षादेश मतावर चालतो. प्रश्न विचारायला पक्षादेश लागत नाही. २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींच्या, २५ जमातींच्या. चोपन्न आमदार. ह्यांनी एकाच अधिवेशनात एकच प्रश्न चोपन्न वेळा टाकू दे, लक्षवेधी लावू दे, खात्याच्या मागणीवर कपात सूचना देऊ दे. मग बघू कुणाची जीभ 'उद्भवत नाही' म्हणते ती.

ते आपणहून विचारणार नाहीत. म्हणून प्रश्न आपण लिहायचा. आणि नीट लिहायचा. 'अन्याय झाला, हे खरे आहे काय' असं लिहिलं की मंत्री 'नाही' म्हणून मोकळा. विचारा : अमुक लेखाशीर्षाखाली किती तरतूद होती? किती तारखेला किती सोडली? ३१ मार्चला किती उरली? उरलेली कुठं वळवली, कुठल्या शासन निर्णयानं? ह्याला 'हे खरे नाही' असं उत्तर देता येत नाही. आकडा द्यावाच लागतो. तो आकडा घेऊन वस्तीवर जा, पोरं मोजा, पटावरची नावं मोजा. खोटा निघाला तर सभागृहाची दिशाभूल झाली, हक्कभंग मांडा म्हणून आमदाराच्या दारात बसा. मंत्र्यानं सभागृहात शब्द दिला असेल तर आश्वासन समिती आहे, तिला विचारा त्या शब्दाचं काय झालं.

रस्ता सोडा असं मी म्हणत नाही. एप्रिल २०२३ मध्ये अकोल्यातून किसान सभेचा मोर्चा लोणीकडं निघाला. दुसऱ्या दिवशी धांदरफळात तीन मंत्री चालत्या माणसांपुढं येऊन बसले. आमची माणसं चालली की मंत्री येतात, हे आपण पाहिलंय. पण रस्त्यावर दिलेला शब्द वाऱ्यावर जातो. सभागृहात दिलेला शब्द नोंदीत राहतो. म्हणून रस्त्यावर मिळवलेलं सभागृहात वदवून घ्या.

घाई करा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात एक ओळ होती : जी माहिती आमदार-खासदारांना नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. म्हणजे आमदार आणि आमच्या वस्तीतली म्हातारी एका पायरीवर. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं त्या ओळीवर काट मारली. दारं एकेक करून बंद होतायत.

दर हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन भरतं. दीक्षाभूमी आणि विधान भवन एकाच शहरात आहेत. दीक्षाभूमीवर आपण लाखोंनी जातो. ह्या वेळी प्रत्येक तालुक्यातून पाच पोरं दुसऱ्या वाटेनंही जाऊ द्या. खिशात पाच प्रश्न, आकड्यांसकट. आपल्या आमदाराला बाहेर गाठा आणि म्हणा, साहेब, हे घ्या, हे निवेदन नव्हे. उद्या सकाळी आत उभे राहून विचारा. आम्ही गॅलरीत बसलोय.

जय भीम.